सोलापूर जिल्ह्यात गावचं पाणी तपासायचं कसं: नव्या जलसुरक्षकांसाठी आणि किट हातात आलेल्या ताईंसाठी

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देतात. गावच्या पाण्याची काळजी घेणारा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो तो वेगळा. यादीत नाव येतं, प्रशिक्षण होतं, किटची पेटी हातात पडते आणि गावात परत आल्यावर कळेना होतं की सुरुवात कुठून करायची. मी यातून गेले आहे. जे हेलपाटे मला पडले ते तुम्हाला पडू नयेत म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे. ग्रामपंचायतीत नव्यानं निवडून आलेल्या सदस्यांनाही याचा उपयोग होईल.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. प्रयोगशाळा तुमच्या बाटलीतलं पाणी तपासते. ते कुठून भरलं, कधी भरलं आणि कसं भरलं, यावरच रिपोर्टला किंमत येते. चुकीच्या जागेवरून भरलेल्या बाटलीचा चांगला रिपोर्ट गावाला नुसता निर्धास्त करतो, आणि ते फार धोक्याचं आहे.

१. गावाला पाणी कुठून कुठून येतं ते वहीत लिहून काढा

"आमच्याकडं नळाचं पाणी आहे" एवढं पुरत नाही. आपल्या जिल्ह्यात एकाच गावात चार तऱ्हेचं पाणी असतं. भीमा, सीना, नीरा किंवा माण नदीच्या काठच्या जॅकवेलचं (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीचं) पाणी, प्रादेशिक (अनेक गावांच्या मिळून एका) योजनेचं पाणी, गावची विहीर, वस्त्यांवरचे बोर आणि हापसे. सांगोला, मंगळवेढ्याकडं उन्हाळ्यात टँकर. शिवाय वीस लिटरचे जार भरून देणारा आरओ प्लांट. शाळा आणि अंगणवाडीचं पाणी कधीकधी गावाच्या योजनेतून नसतंच, त्यांचा स्वतःचा बोर असतो. तो हमखास यादीतून सुटतो आणि तेच पाणी सगळ्यात लहान पोरं पितात.

प्रत्येक स्रोतापुढं चार गोष्टी लिहा: जागा, स्रोताचा सांकेतांक (सरकारी स्रोतांना दिलेला असतो, ग्रामसेवक भाऊसाहेबांकडं यादी मिळते), किती घरं त्यावर आहेत आणि पन्नास पावलांच्या आत काय आहे. उकिरडा, शोषखड्डा, गटार, गोठा, उसाचं रान, जे असेल ते लिहा. रिपोर्ट हातात आल्यावर कारण शोधायला हाच रकाना कामाला येतो.

"हे पाणी आम्ही पीत नाही, फक्त वापरतो" असं सांगून लोक काही स्रोत गाळायला लावतील. गाळू नका. नळाला पाणी आलं नाही की त्याच हापशावर कळशा लागतात.

२. कुठली तपासणी हवी ते ठरवा

दोन मुख्य प्रकार आहेत. रासायनिक तपासणीत क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराईड वगैरे कळतं. ती वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. जैविक, म्हणजे जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. ही झाली किमान. पाइपलाइन फुटली, गावात जुलाब-उलट्यांचे रुग्ण दिसले, पाण्याला वास आला, तर तारखेची वाट बघायची नाही.

सरकारी तपासणी होते ती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांमध्ये. जिल्ह्याची प्रयोगशाळा सोलापूरला आहे आणि त्याखाली उपविभागीय प्रयोगशाळा आहेत. तुमचं गाव कुठल्या प्रयोगशाळेला जोडलेलं आहे ते पंचायत समितीत पाणी-स्वच्छतेचं काम बघणाऱ्या गट समन्वयकांना विचारा. हे न विचारता थेट सोलापूरला बाटल्या घेऊन जाणारे बरेच आहेत आणि त्यांचा दिवस वाया जातो. खासगी बोरचं पाणी तपासायचं असेल तर तीही सोय आहे, नाममात्र शुल्क भरून.

गावात मिळालेलं किट वेगळं. त्यात पीएच, गढूळपणा, कठीणपणा, क्लोराईड, नायट्रेट, फ्लोराईड, लोह, उरलेला क्लोरीन हे रंग बघून ढोबळ कळतं. किटनं संशय दाखवला की नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, असा क्रम ठेवा. पेटी उघडल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येक बाटलीवरची मुदतीची तारीख वाचायची. मुदत संपलेल्या रसायनानं रंग येतच नाही, आणि आपण समजतो पाणी चांगलं आहे. रंग जुळवताना उजेड दिवसाचा हवा. बल्बखाली फिकट पिवळा आणि पांढरा यांतला फरक कळत नाही.

किटमध्ये एचटूएसची छोटी बाटली असते, पाण्यात जंतू आहेत का ते दाखवणारी. खुणेपर्यंत पाणी भरून बंद करा आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवा. पाणी काळं पडलं तर ते दूषित. थंडीच्या दिवसांत ती बाटली उबदार जागी ठेवा, नाहीतर काळं पडायला उशीर होतो. काळं पडलेलं पाणी म्हणजे जंतूंचं विरजण आहे. ते मोरीत ओतू नका. त्यात टीसीएल (जंतू मारायची क्लोरीनची पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर) टाकून, थोडा वेळ ठेवून, लांब खड्ड्यात पुरा.

३. सामान आणि कागद

नमुने घ्यायला निघण्याआधी एवढं पिशवीत हवं:

- जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेनं दिलेल्या निर्जंतुक बाटल्या, कागदात गुंडाळलेल्या तशाच
- रासायनिक तपासणीसाठी एक-दोन लिटरचे नवे स्वच्छ प्लास्टिकचे कॅन
- बर्फ घातलेला थर्मासचा डबा किंवा आइसबॉक्स
- स्पिरिट, कापूस, काडेपेटी, हातमोजे
- पाण्यानं न पुसणारा मार्कर आणि चिकटपट्टी
- क्लोरोस्कोप (पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून मोजायचं साधन) आणि त्यात टाकायचं ओटीचं (ऑर्थोटोलिडीनचं) द्रावण
- ग्रामपंचायतीचं पत्र, स्रोतांची यादी, प्रयोगशाळेचा नमुना अर्ज

कॅनबद्दल बजावून सांगते. शेतातल्या औषधाचा, ॲसिडचा, रॉकेलचा किंवा कोल्ड्रिंकचा जुना डबा कितीही धुतला तरी वापरू नका.

४. जागा आणि वेळ निवडा

इथं सगळ्यात जास्त डोकं लावा, कारण इथंच बहुतेक गावांचा रिपोर्ट बिघडतो. नमुना बहुतेक वेळा टाकीखालच्या तोटीचा घेतला जातो. सोपं पडतं, पाणी सोडणारा वॉलमन तिथंच असतो, टीसीएल तिथंच पडलेलं असतं. टाकीचं पाणी बहुधा चांगलंच येतं. घाण मिसळते ती पुढं, वाटेत.

आपल्याकडं अनेक गावांत नळ रोज येत नाही. दोन दिवसांआड, चार दिवसांआड, उन्हाळ्यात आठवड्यानं. मधल्या काळात पाइप रिकामा असतो. पाइपला कुठं चीर असेल आणि बाजूनं गटार जात असेल, तर रिकाम्या पाइपमध्ये गटाराचं पाणी ओढलं जातं. पाणी सुटायच्या वेळी एखाद्या व्हॉल्वच्या खड्ड्यापाशी वाकून बघा. खड्ड्यात गुडघाभर गढूळ पाणी साचलेलं असतं, व्हॉल्व त्यात बुडालेला असतो आणि पाणी सुटताच आतून बुडबुडे येतात. जिथून बुडबुडे बाहेर येतात, तिथूनच पाणी बंद असताना घाण आत जाते.

म्हणून एका योजनेचे निदान तीन नमुने घ्या: स्रोताचा, टाकीनंतरचा आणि शेवटच्या टोकाच्या घराचा. शेवटचं टोक म्हणजे जिथं पाणी सगळ्यात उशिरा आणि बारीक धारेनं येतं ते घर. बऱ्याच गावांत ती वस्ती सखल भागात, ओढ्याकाठी असते आणि तिथले लोक पाण्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करत असतात. त्यांची तक्रार खरी आहे का हे ठरवणारा कागद म्हणजे तो तिसरा नमुना. तिन्ही नमुने एकाच दिवसाचे असू द्या. म्हणजे स्रोतात चांगलं, टाकीत चांगलं आणि टोकाला खराब असं आलं, की दोष वाटेतल्या पाइपचा हे सांगायला कुणा मोठ्या साहेबाची गरज उरत नाही.

नळकोंडाळं असेल तर तिथलाही नमुना घ्या.

वेळेचं म्हणाल तर एप्रिल-मे आणि ऑक्टोबर. उन्हाळ्यात बोरची पातळी खाली जाते आणि क्षार वाढतात, तेव्हाचा रासायनिक रिपोर्ट खरा ताण दाखवतो. पालखीमार्गावरची गावं, म्हणजे नातेपुते, माळशिरस, वेळापूर, अकलूज, वाखरी या पट्ट्यातली, यांनी आषाढीच्या बरंच आधी नमुने द्यावेत. वारीच्या दिवसांत लाखो लोक तेच पाणी पितात आणि आरोग्य खात्याची सगळी माणसं तेव्हा रस्त्यावर असतात.

५. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली भरा

तोटीला लावलेला प्लास्टिकचा पाइप, फडकं, जाळी, सगळं काढा. तोटी लोखंडी किंवा पितळी असेल तर स्पिरिटचा बोळा पेटवून तिचं तोंड शेकून घ्या. प्लास्टिकची असेल तर स्पिरिटनं नुसती पुसा. मग दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. हापसा असेल तर पाच मिनिटं तरी हापसा, कारण पाइपात साठलेलं शिळं पाणी आपल्याला नको आहे.

आता बाटली उघडा. झाकण खाली ठेवायचं नाही, हातातच धरायचं, आतली बाजू खाली करून. बाटलीच्या तोंडाला बोट लागता कामा नये. वर बोटभर जागा सोडून भरा आणि लगेच बंद करा.

ही बाटली आधी विसळायची नाही. घरात कुठलंही भांडं विसळून भरायची आपल्या हाताला सवय असते, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. आत सोडियम थायोसल्फेट हे रसायन घातलेलं असतं. ते पाण्यातला क्लोरीन तिथल्या तिथं थांबवतं. ते धुऊन गेलं तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि नळाला असलेले जंतू रिपोर्टमध्ये दिसत नाहीत.

विहिरीचा किंवा आडाचा नमुना असेल तर बाटलीला स्वच्छ दोरीनं स्वच्छ दगड बांधून ती सोडा. कडेला घासू नका. वरचा तवंग टाळून हातभर खालचं पाणी घ्या. पोहऱ्यानं काढलेलं पाणी नको, नाहीतर तो रिपोर्ट पोहऱ्याचा होतो.

६. रासायनिक नमुना

याचं उलटं आहे. कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळायचा, काठोकाठ भरायचा आणि आत हवा राहू द्यायची नाही.

दोन्ही बाटल्यांवर जागेवरच लिहा: गाव, तालुका, स्रोत, सांकेतांक, कुणाच्या घरासमोरची तोटी, तारीख, वेळ, टीसीएल शेवटचं कधी टाकलं, नमुना घेणाऱ्याचं नाव. "घरी जाऊन लिहू" म्हटलं की सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात.

७. प्रयोगशाळेत पोचवा

जंतूंचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचा, आणि काही झालं तरी चोवीस तासांच्या आत. करमाळ्याकडून किंवा अक्कलकोटच्या टोकाकडून निघायचं तर पहाटे पाणी सुटताना भरा आणि पहिली एसटी धरा. बाटली बर्फात ठेवा, पण बर्फाचं वितळलेलं पाणी झाकणावर चढणार नाही असं बघा.

नमुने सोमवार ते बुधवारात द्या. जंतूंची तपासणी एका दिवसात होत नाही. बाटल्या उबवणीच्या यंत्रात ठेवून चोवीस आणि अठ्ठेचाळीस तासांनी बघाव्या लागतात, आणि शनिवार-रविवार सरकारी कार्यालयं बंद. निघण्याआधी फोन करून त्या दिवशी नमुने घेतात का ते विचारा. पोच घ्या, तिच्यावरचा नमुना क्रमांक वहीत उतरवा आणि पोचेचा फोटो काढून ठेवा.

८. रोजची ओटी टेस्ट सोडू नका

प्रयोगशाळेचा रिपोर्ट वर्षातून दोनदा. गावाला जुलाबापासून रोज वाचवते ती ओटी टेस्ट. कमी मानाचं काम समजून ती टाळली जाते आणि वहीत मात्र रोज खूण होते, याचं मला फार वाईट वाटतं.

पद्धत सोपी आहे. क्लोरोस्कोपच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, ओटीचे सांगितलेले थेंब टाका, हलवा आणि पांढऱ्या कागदासमोर धरून लगेच रंग बघा. रंग आला नाही तर क्लोरीन नाही. फिकट पिवळा, सुकलेल्या गवतासारखा आला तर थोडा आहे. गडद पिवळा होऊन केशरीकडं झुकला तर जास्त झाला. पाच-दहा मिनिटांनी रंग बघू नका, तोपर्यंत दुसऱ्या रूपातला क्लोरीनही रंग देतो आणि आकडा फुगतो. शेवटच्या टोकाच्या तोटीला क्लोरीन निदान ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) हवा. ओटीचं द्रावण विषारी आहे, हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी हौदात परत ओतू नका.

टीसीएलचा ढोबळ हिशेब एक हजार लिटरला पाच ग्रॅम. पन्नास हजार लिटरच्या टाकीला अडीचशे ग्रॅम, दहा हजारांच्या टँकरला पन्नास ग्रॅम. पावडर थेट टाकीत फेकायची नाही. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत सोडा आणि अर्ध्या तासानं पाणी सोडा.

हा हिशेब बारा महिने चालत नाही. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवं पडतं. पुणे, पिंपरी-चिंचवडकडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून धरणात येतं, पाणी कमी होत जातं आणि शेवाळ माजतं. अशा पाण्यात टाकलेला क्लोरीन आधी शेवाळ आणि गाळच खाऊन टाकतात, जंतूंसाठी उरतच नाही. पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यातही तेच होतं. हिवाळ्यात जो डोस टोकापर्यंत पुरला, तोच एप्रिलमध्ये टाकीतच संपतो. म्हणून किती टाकलं हे विचारू नका, टोकाला किती उरलं ते विचारा आणि त्यावरून डोस ठरवा. गढूळपणा असेल तर आधी तुरटीनं निवळवा.

आणखी एक. ताज्या टीसीएलमध्ये तेहेतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नसते. मोटारीच्या खोलीत तोंड उघडं टाकलेली गोणी काही महिन्यांत नुसता चुना होते. टीसीएलचाही नमुना तपासून मिळतो, तो द्या.

९. रिपोर्ट वाचा

रिपोर्टमध्ये भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे दोन रकाने असतात. पहिल्यात स्वीकार्य मर्यादा, दुसऱ्यात पर्यायी स्रोतच नसेल तर चालवून घ्यायची मर्यादा. आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये:

- विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस: ५०० आणि २०००
- एकूण कठीणपणा: २०० आणि ६००
- क्लोराईड: २५० आणि १०००
- फ्लोराईड: १ आणि १.५
- नायट्रेट: ४५, यात सूट नाही
- पीएच: ६.५ ते ८.५, यातही सूट नाही
- गढूळपणा: १ आणि ५ एनटीयू
- ई-कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू): १०० मिलिलिटरमध्ये एकही नको

कठीण पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. लोक यालाच सगळ्यात घाबरतात. मला त्याहून काळजी वाटते नायट्रेटची, कारण ते दिसत नाही आणि चवीलाही कळत नाही. उसाला टाकलेला युरिया, उकिरडा आणि शोषखड्डे यांतून ते विहिरीत उतरतं. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाला असं पाणी पाजलं तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडतं. उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. फ्लोराईडचंही तसंच. उकळण्याचा उपाय फक्त जंतूंवर.

आरओ प्लांटच्या रिपोर्टमध्ये टीडीएस कमी दिसला की सगळे खूश होतात. पण आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, आणि जार नीट धुतलेला नसेल तर जंतू निवांत वाढतात. प्लांटच्या पाण्याची जैविक तपासणी मागाच.

१०. रिपोर्ट आल्यावर

जंतू निघाले तर त्याच दिवशी सरपंच, ग्रामसेवक आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. आशाताईंच्या मदतीनं घरोघरी पाणी उकळून प्यायला सांगा. गळती शोधा, व्हॉल्वचा खड्डा उपसून घ्या, टाकी धुऊन घ्या, डोस वाढवा आणि मग त्याच तोटीचा नमुना पुन्हा द्या. दुसरा रिपोर्ट चांगला आल्याशिवाय प्रकरण मिटलं असं धरू नका.

नायट्रेट किंवा फ्लोराईड जास्त निघालं तर हापशावर लाल रंगानं "पिण्यास अयोग्य" लिहून घ्या आणि त्या वस्तीला दुसरं पाणी द्यायचा ठराव मांडा. पैसे नाहीत असं उत्तर आलं तर वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच वापरायच्या) निधीत पिण्याच्या पाण्यासाठी ठेवलेल्या रकमेचा हिशेब शांतपणे विचारा. नदीच्या पाण्याला मळीचा वास किंवा काळपट रंग आला तर नेहमीच्या तपासणीत ते पकडलं जाईलच असं नाही. फोटो आणि तारखांसह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं लेखी तक्रार करा.

एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. हिरवं कार्ड मिळावं म्हणून टाकीजवळच्या चांगल्या तोटीचा नमुना द्यायला तुम्हाला गळ घातली जाईल. तुम्ही यादीप्रमाणेच नमुने घ्या. लाल कार्डानं गावाची बेअब्रू होत नाही, दुरुस्तीचा पाठपुरावा करायला हाती कागद मिळतो.

रिपोर्ट दप्तरात ठेवून घेतला तर कुणालाच कळत नाही. १ मे आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो मोठ्यानं वाचून दाखवायला लावा, वस्तीचं नाव घेऊन, आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर, एक शाळेत, एक तुमच्या वहीत. ग्रामसेवकांची बदली होते, सरपंच बदलतात. नव्या माणसाला मागच्या उन्हाळ्यात कुठल्या तोटीला काय निघालं होतं हे त्या वहीतूनच दाखवता येतं.